दृश्यातिरेक आणि व्यंजना : कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतील रंगपटांच्या संमिश्र स्वागताचा पुनर्विचार

सारांश

व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) या रंगपटांना प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. समीक्षेने मात्र त्यांच्याकडे बहुतांशी संशयाने पाहिले. ‘डोळे दिपले, पण मन भिजले नाही’ असे या संशयाचे सार सांगता येईल. जपानी व्यंगचित्रमालिकेवर आधारलेल्या ‘स्पीड रेसर’ (२००८) या अमेरिकन चित्रपटाच्या वाट्यालाही जवळजवळ हाच अभिप्राय आला. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतील काही कृतींच्या आधारे या अभिप्रायाची तपासणी केली आहे. दृश्यांची विपुलता हा स्वतंत्र दोष ठरत नाही. त्या विपुलतेतून काही सूचित होते की नाही, हा खरा निकष आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : दृश्यातिरेक, व्यंजना, औचित्य, रंगपट, बाबूराव पेंटर, व्ही. शांताराम, रूपांतर.

१. प्रस्तावना

चित्रपटाच्या परीक्षणात ‘दृश्ये सुंदर आहेत’ हे वाक्य अनेकदा प्रशंसेचे नसते. त्याच्या मागोमाग ‘पण’ येतो आणि त्या ‘पण’नंतर कथा, अभिनय, आशय यांतील उणिवांची यादी सुरू होते. दृश्यांचे वैभव हे जणू आशयाच्या दारिद्र्यावर घातलेले पांघरूण आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक नेहमीच चुकीचे असते असे नाही. परंतु ते तपासून न पाहता वापरले गेले, म्हणजे वेगवेगळ्या योग्यतेच्या कलाकृती एकाच शेऱ्याखाली निकालात निघतात.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कोल्हापूर हे विशेष सोयीचे स्थान आहे. येथील चित्रपटाचा उगम छायाचित्रकाराच्या किंवा नाटककाराच्या दालनात झाला नाही. तो रंगकाम करणाऱ्या कारागिरांच्या कामठ्यात झाला. बाबूराव पेंटर, व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल या साऱ्यांची जडणघडण चित्र, पडदा, साचा आणि यंत्र यांच्या सहवासात झाली. त्यामुळे ‘चित्र अधिक झाले’ हा आक्षेप या परंपरेच्या मुळालाच स्पर्श करतो.

लेखाची मांडणी पुढीलप्रमाणे आहे : प्रथम आक्षेपाची मुळे, त्यानंतर ‘सैरंध्री’ या एकाच कथेच्या दोन चित्रपटरूपांची तुलना, मग शांतारामांचे दोन रंगपट, त्यांना समांतर म्हणून ‘स्पीड रेसर’, आणि शेवटी अशा स्वागताचे व्यावहारिक परिणाम.

२. आक्षेपाची मुळे

दृश्यवैभवाविषयीचा संशय पाश्चात्त्य वास्तववादातून आपल्याकडे आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते अंशतः खरे आहे. १९५५ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ला मिळाले आणि हिंदी भाषेतील चित्रपटासाठीचे रौप्यपदक ‘झनक झनक पायल बाजे’ला. एक चित्रपट कृष्णधवल, बंगालमधील खेड्याच्या ओसरीवर रेंगाळणारा. दुसरा टेक्निकलरमध्ये नाचणारा. पुढील काळातील समीक्षेने यांपैकी पहिल्यालाच चांगल्या चित्रपटाचा आदर्श मानले आणि दुसऱ्याकडे त्याच आदर्शाच्या चष्म्यातून पाहिले.

तथापि या संशयाचे दुसरे मूळ आपल्याच साहित्यशास्त्रात आहे. आनंदवर्धनाने काव्याची प्रतवारी करताना ज्यात व्यंग्यार्थाला स्थान नाही, केवळ शब्दांची वा अर्थाची करामत आहे, अशा रचनेला ‘चित्र’ म्हटले आणि ती काव्याची केवळ नक्कल होय, असा निर्णय दिला. मम्मटानेही चित्रकाव्याला खालची पायरी दिली. मराठीत पंतकवींच्या यमकबाजीविषयी जी नापसंती व्यक्त झाली, तिच्यामागे हीच धारणा आहे. ‘चित्र’ या शब्दाला जडलेला हा कमीपणा चित्रपटसमीक्षेच्या परिभाषेतही नकळत उतरला असावा. ‘भडक’, ‘बटबटीत’, ‘नुसता झगमगाट’ हे शब्द त्याच कुळातले आहेत.

मात्र याच शास्त्राचा नीट आधार घेतला तर आक्षेप अधिक काटेकोर होतो. आनंदवर्धनाचा विरोध अलंकारांच्या संख्येला नाही, व्यंजनेच्या अभावाला आहे. क्षेमेंद्राने औचित्याची चर्चा करताना दागिन्यांचेच उदाहरण घेतले. कमरपट्टा गळ्यात आणि पैंजण हातात घातले तर हसे होते. दोष दागिन्यांचा नसून जागेचा असतो. म्हणजे दृश्यातिरेकाची चिकित्सा करताना ‘किती’ हा प्रश्न गौण ठरतो. हे दृश्य कोणाच्या नजरेचे आहे, ते कशाच्या जागी आले आहे आणि दिसते त्यापलीकडे ते काय सुचवते, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. पुढील विवेचनात हेच निकष वापरले आहेत.

३. एक कथा, दोन ‘सैरंध्री’

आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातील दोन बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यासाठी ख्यातनाम होते. संगीत नाटकाचा रंगवलेला पडदा हा फसवणुकीचा प्रकार नव्हता. राजवाडा, अरण्य, राजमार्ग असे ठरावीक पडदे वेगवेगळ्या नाटकांत फिरत असत आणि प्रेक्षक आपल्या कल्पनेने त्या त्या नाटकाचा राजवाडा पुरा करून घेत असे. पडदा खूण दाखवी, उरलेले काम प्रेक्षकाकडे असे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पाहिल्यानंतर या बंधूंना चलच्चित्राचा ध्यास लागला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने देशी कॅमेरा सिद्ध केला आणि गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. या कंपनीचा पहिला महत्त्वाचा चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. पडदे रंगवण्यात हयात घालवलेल्या या चित्रकाराने चित्रपटात मात्र रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी लांबी, रुंदी आणि खोली असलेली नेपथ्यरचना आणली. ज्या माध्यमात आपण निष्णात आहोत तेच नव्या माध्यमात जसेच्या तसे वापरायचे नाही, ही त्यांची जाण उल्लेखनीय आहे.

‘सैरंध्री’तील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षागृहात भीती पसरली आणि तो भाग पुढे कापावा लागला, अशी नोंद चित्रपटाच्या इतिहासात सर्वत्र आढळते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले तेही याच चित्रपटासाठी. एकाच दृश्याला एका बाजूने गौरव आणि दुसऱ्या बाजूने कात्री, असे संमिश्र स्वागत कोल्हापूरच्या चित्रपटाला अगदी आरंभीच लाभले. या दृश्याचा प्रभाव केवळ करामतीचा होता काय? कृ. प्र. खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचकात लॉर्ड कर्झन आणि सैरंध्रीत अपमानित देश पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकाला या नाटकाने लावली होती. पडद्यावर कीचक मारला गेला तेव्हा त्या प्रेक्षकाने काय काय पाहिले असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. दृश्य पराकोटीचे होते, पण त्याच्या मागे न बोललेला एक अर्थ उभा होता.

हीच कथा १९३३ मध्ये पुन्हा पडद्यावर आली. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली होती. कंपनी पुण्याला हलली त्याच वर्षी शांतारामांनी ‘सैरंध्री’ रंगीत स्वरूपात सादर केला. त्यावरील प्रयोगशाळेतील प्रक्रिया जर्मनीत करण्यात आली. रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत आणि चित्रपट अपयशी ठरला. अपयशाचे तांत्रिक कारण स्पष्ट आहे. तथापि तांत्रिक कारणामागे आणखी एक कारण दिसते. या ‘सैरंध्री’त रंग हीच वार्ता होती. मूकपटाच्या काळात कीचकाला जो प्रतीकार्थ होता, तो तेरा वर्षांनंतर निस्तेज झाला होता आणि त्या जागी रंगाने नवा अर्थ आणला नव्हता. ‘पहिला रंगीत’ हे बिरुद कलाकृतीला उत्सुकता मिळवून देते, आस्वादाचे कारण देत नाही.

या दोन चित्रपटांत कथा, गाव आणि कलावंतांची परंपरा समान आहे. फरक आहे तो दृश्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या सूचित अर्थाचा. शांतारामांनी हा धडा लगेच घेतला, असे त्यांच्या पुढील कृष्णधवल चित्रपटांवरून म्हणता येते. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये राजगुरूच्या डोळ्याचे पडदा व्यापणारे समीपदृश्य आहे. तेही अतिरेकीच आहे, पण धर्मांध सत्तेची सर्वत्र रोखलेली नजर त्या एका डोळ्यात सामावते. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील वैकुंठगमन हेही दृश्यचमत्काराचेच उदाहरण आहे. ते कोणालाही भडक वाटले नाही, कारण त्याआधीचा सारा चित्रपट जिजाईच्या चुलीपाशी, तिच्या रागालोभात रमलेला आहे. विमान आकाशात जाते तेव्हा प्रेक्षकाचे लक्ष खाली उरलेल्या जिजाईकडेही असते.

४. शांतारामांचे दोन रंगपट

१९३३ च्या अनुभवानंतर दोन दशकांहून अधिक काळाने शांतारामांनी ‘झनक झनक पायल बाजे’च्या रूपाने रंगाचा मोठा डाव मांडला. तो धोक्याचा होता. सोहराब मोदी यांचा ‘झांसी की रानी’ (१९५३) हा टेक्निकलरमधील खर्चिक चित्रपट व्यवसायात कोसळलेला सर्वांसमोर होता. तरीही शांतारामांनी कथक नर्तक गोपीकृष्ण यांना नायक केले, संध्या यांना नृत्यप्रधान भूमिका दिली, वसंत देसाई यांच्याकडे संगीत सोपवले आणि चित्रपट अफाट लोकप्रिय झाला. शास्त्रीय नृत्य सामान्य प्रेक्षकापर्यंत नेण्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे.

या यशाचा मान राखूनही त्याच्यावरील आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. चित्रपटाची कथा संयमाची आहे. कलेसाठी प्रेमाचा त्याग करावा, असा गुरू-पिता मंगल महाराज यांचा आग्रह आणि गिरिधर-नीला यांचे परस्परांकडे ओढले जाणे, हा तिचा संघर्ष. परंतु रंगांना या संघर्षाचे भान सर्वत्र राहत नाही. साधना, मोह, विरह आणि विजय या चारही अवस्थांवर सजावटीचा हात सारख्याच उदारपणे फिरतो. त्यागाची गोष्ट सांगणारा चित्रपट स्वतः कशाचाच त्याग करीत नाही. गोपीकृष्ण यांच्या पदन्यासात जी शिस्त आहे, ती भोवतालच्या रंगयोजनेत नाही. म्हणून काही नृत्यप्रसंगांत नर्तकापेक्षा नेपथ्यच अधिक नाचते. क्षेमेंद्राच्या भाषेत हा जागेचा दोष आहे.

‘नवरंग’ची गोष्ट वेगळी आहे आणि समीक्षेने दोन्ही चित्रपटांना एकाच मापाने मोजले, ही तिची मोठी त्रुटी होय. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या कृष्णधवल चित्रपटाच्या चित्रीकरणात बैलाशी झुंज देताना शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली. ‘नवरंग’च्या आरंभी त्यांनी स्वतः पडद्यावर येऊन हा संदर्भ प्रेक्षकांसमोर ठेवला आहे. मिटलेल्या डोळ्यांपुढे जे रंग नाचले, त्यांतून हा चित्रपट सुचला. म्हणजे ‘नवरंग’मधील रंग बाहेरच्या जगाचे नाहीत, न दिसण्यातून उपजलेले आहेत. हा संदर्भ लक्षात घेतला की चित्रपटातील विपुलतेचे स्थान निश्चित होते.

कथेतही तीच रचना आहे. कवी दिवाकर याला आपली पत्नी जमुना नीरस वाटते. तो कल्पनेत तिच्याच चेहऱ्याची मोहिनी निर्माण करतो, तिला रंगांनी, अलंकारांनी, नृत्यांनी नटवतो आणि तिच्यावर कविता रचतो. जमुनेला वाटते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आहे. मोहिनी जितकी झगमगीत होत जाते, तितकी घरातली जमुना त्याला दिसेनाशी होते. येथे झगमगाटच दिवाकराच्या आंधळेपणाचे माप आहे. प्रेक्षकाला जे ‘जास्त’ वाटते, ते दिवाकराच्या मनाचे ‘जास्त’ आहे. होळीच्या प्रसिद्ध नृत्यात संध्या यांनी स्त्री आणि पुरुष अशी दोन्ही रूपे एकाच देहाने साकारली आहेत. हे नृत्य केवळ कसरत म्हणून वाखाणले किंवा केवळ कसरत म्हणून हिणवले गेले. एका शरीरात दोन व्यक्ती, हे चित्रपटाचे मुख्य सूत्रच त्या नृत्यात खेळकरपणे आले आहे, याची नोंद दोन्ही पक्षांनी घ्यायला हवी होती.

अर्थात ‘नवरंग’ निर्दोष नाही. मोहिनी आणि जमुना एकच, ही उकल झाल्यावर दिवाकराचा गैरसमज मिटतो, पण जमुनेच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा हिशेब होत नाही. सर्व चित्रपटभर ती पाहिली जाते; तिला काय दिसते, हे कॅमेरा क्वचितच विचारतो. स्वतःच्याच प्रतिमेचा मत्सर करण्याची वेळ आलेल्या स्त्रीची शोकात्म शक्यता या कथेत दडलेली होती आणि दिग्दर्शकाने तिला स्पर्श करून सोडून दिले. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये नीरेच्या नजरेतून जरठ-कुमारी विवाहाकडे पाहणाऱ्या दिग्दर्शकाकडून ही अपेक्षा गैर नाही. ‘नवरंग’वरील खरा आक्षेप हा आहे. त्यातील हत्ती, पिचकाऱ्या आणि रंगीत घागरी यांच्यावर टीका करण्यात समीक्षेची शक्ती खर्ची पडली आणि हा आक्षेप मागे राहिला.

५. समांतर उदाहरण : ‘स्पीड रेसर’

असाच पेच अर्धशतकानंतर वेगळ्या संस्कृतीत कसा उद्भवला, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल. तात्सुओ योशिदा यांच्या मोटारशर्यतींवरील जपानी चित्रकथेवरून १९६७-६८ मध्ये दूरचित्रवाणीसाठी व्यंगचित्रमालिका तयार झाली आणि इंग्रजी रूपात ती ‘स्पीड रेसर’ या नावाने अमेरिकेतील मुलांच्या परिचयाची झाली. लाना आणि लिली वाखोव्स्की यांनी २००८ मध्ये तिचे जिवंत नटांसह चित्रपटात रूपांतर केले. त्यासाठी सुमारे १२ कोटी डॉलर खर्च झाला. जगभरातील तिकीटविक्री १० कोटींपर्यंतही पोहोचली नाही. बहुसंख्य समीक्षकांनी ‘डोळ्यांना शिणवणारा गोंगाट’ अशा आशयाचा निर्णय दिला. थोड्या समीक्षकांनी मात्र चित्रपटभाषेतील धाडस म्हणून त्याचे स्वागत केले आणि पुढील वर्षांत या दुसऱ्या पक्षाची संख्या वाढत गेली.

येथे रूपांतराचा एक मूलभूत प्रश्न आहे. दूरचित्रवाणीवरील त्या मालिकेची निर्मिती काटकसरीची होती. चित्रे मोजकी, पुष्कळदा स्थिर; मागची पार्श्वभूमी सरकवून आणि चार रेषा ओढून वेग सुचवला जाई. उरलेला वेग पाहणारे मूल आपल्या मनाने भरत असे. संगीत नाटकाच्या पडद्याप्रमाणेच ही कला अपुरेपणावर उभी होती. चित्रपटाने ती सर्व रिकामी जागा संगणकीय रंगांनी भरून टाकली. नटांमागचे दृश्य आणि पुढचे दृश्य दोन्ही सारखेच स्पष्ट ठेवले, जेणेकरून पडदा व्यंगचित्राच्या पानासारखा सपाट दिसावा. छायाचित्रात डोळ्याला विसावा देणारे धूसर क्षेत्र असते, ते येथे नाही. प्रेक्षकाला आलेला शीण हा म्हणूनच खोटा नव्हता.

तरीही हा चित्रपट निव्वळ चित्रकाव्य आहे, असे म्हणता येत नाही. आरंभीच्या प्रसंगात शाळेच्या वर्गात बसलेल्या लहान मुलाचे परीक्षेत लक्ष नाही. त्याच्या भोवतीचा वर्ग रंगीत खडूंनी काढलेल्या शर्यतीत विरघळतो. पुढे पडद्यावर येणारे सारे भडक जग या मुलाच्या नजरेचे आहे, हे येथेच ठरून जाते. मोठा झाल्यावर तोच नायक शर्यतीत धावतो तेव्हा त्याला मृत मानल्या गेलेल्या थोरल्या भावाची गाडी भुतासारखी पुढे पळताना दिसते. भावाचा विक्रम मोडणे त्याला शक्य असते, आणि अखेरच्या क्षणी तो आपला वेग कमी करतो. वेगाचे प्रदर्शन म्हणून गणल्या गेलेल्या चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण क्षण वेग कमी करण्याचा आहे. बंधुशोकाचा शब्दही न उच्चारता तो शोक येथे व्यक्त होतो. उलट, उद्योगपती रॉयल्टन शर्यतींमागील अर्थकारण लांबलचक भाषणातून समजावतो तेव्हा चित्रपट खरोखर कंटाळवाणा होतो. दोष दृश्यांच्या विपुलतेत शोधला गेला, तो पुष्कळ अंशी शब्दांच्या विपुलतेत होता.

‘नवरंग’ आणि ‘स्पीड रेसर’ यांच्यात प्रभावाचा कोणताही संबंध नाही. दोहोंत साम्य आहे ते रचनेचे : दोन्ही चित्रपटांत रंगांची उधळण एका पात्राच्या अंतर्दृष्टीला बांधलेली आहे आणि दोन्ही ठिकाणी बहुतेक समीक्षेने ती दिग्दर्शकाच्या हौसेच्या खात्यावर टाकली.

६. स्वागताचे परिणाम

एखाद्या चित्रपटावर कोणता शेरा बसला, हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. त्याचे परिणाम जतन, अध्यापन आणि इतिहासलेखन या तिन्ही क्षेत्रांत दिसतात.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी जवळजवळ सर्व नष्ट झाले आहेत. ‘मुरलीवाला’ (१९२७) सारख्या एखाद्या चित्रपटाचा काही अंश तेवढा उरला आहे. पुण्यातील जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. जे गेले ते परत येणार नाही. परंतु जे रंगपट शिल्लक आहेत, त्यांच्यापुढे वेगळे संकट आहे. रंगीत फिल्ममधील रंग हे रसायन असते. जुन्या अनेक प्रतींत निळसर छटा आधी उडते आणि चित्र तांबूस-गुलाबी होत जाते. दुसऱ्या टोकाला, घाईने केलेल्या डिजिटल प्रतींत रंग मुळापेक्षा गडद केलेले आढळतात. आजचा प्राध्यापक किंवा विद्यार्थी या दोहोंपैकी एक प्रत लहान पडद्यावर पाहतो आणि शांतारामांचे रंग फिके अथवा भडक असल्याचा निर्णय देतो. चित्रकाराच्या रंगांविषयी छापील पोस्टकार्डावरून मत बनवण्यासारखाच हा प्रकार आहे. ज्या कृतींना समीक्षेने आधीच गौण ठरवले, त्यांच्या मूळ रंगांच्या पुनःस्थापनेसाठी आग्रह कोण धरणार, हा प्रश्न यातूनच निर्माण होतो.

अध्यापनाच्या बाबतीत, चित्रपट-रसास्वादाच्या वर्गांत प्रभातचे सामाजिक चित्रपट आणि ‘संत तुकाराम’ यांना मिळणारे स्थान उचितच आहे. परंतु त्यामुळे शांतारामांची कारकीर्द ‘आशयाकडून झगमगाटाकडे झालेली घसरण’ या सोप्या आलेखात बसवली जाते. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘नवरंग’ यांच्यामध्ये अवघी दोन वर्षे आहेत, आणि एका चित्रपटातील अपघातातूनच दुसरा जन्मला आहे. हा आलेख या वस्तुस्थितीशी जुळत नाही.

इतिहासलेखनाच्या बाबतीत नुकसान अधिक आहे. दृश्य हे आशयाचे आवरण मानले की ते आवरण घडवणारे हात अनामिक राहतात. पडदे रंगवणारे, साचे ओतणारे, प्रकाशयोजना करणारे, पोशाख रंगवणारे असे असंख्य कोल्हापुरी कारागीर या चित्रपटांचे सहनिर्माते होते. ‘सिंहगड’ (१९२३) मधील रात्रीची दृश्ये कृत्रिम प्रकाशात टिपण्याचा प्रयोग हा एका दिग्दर्शकाचा पराक्रम म्हणून सांगितला जातो; त्यामागील कारागिरीचा सविस्तर अभ्यास अजून व्हावयाचा आहे. कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी आणि कला विभागांना संयुक्तपणे हाती घेता येईल असे हे कार्य आहे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. दृश्यातिरेकाविषयी समीक्षेला वाटणारा संशय निराधार नाही. १९३३ ची ‘सैरंध्री’ आणि काही अंशी ‘झनक झनक पायल बाजे’ ही त्याची समर्थनीय उदाहरणे आहेत. मात्र १९२० ची ‘सैरंध्री’ आणि ‘नवरंग’ यांना तोच शेरा लागू पडत नाही, कारण पहिल्यात अतिरेकामागे समाजाच्या मनातील अनुच्चारित अर्थ आहे आणि दुसऱ्यात तो पात्राच्या मनाची अवस्था दाखवतो. ‘स्पीड रेसर’च्या उदाहरणावरून हा निकष एका प्रदेशापुरता वा एका काळापुरता मर्यादित नाही, असे दिसते.

प्रेक्षक आणि समीक्षक यांच्यातील मतभेदात एका पक्षाला अडाणी आणि दुसऱ्याला अरसिक ठरवून काही हाती लागत नाही. ‘नवरंग’च्या बाबतीत प्रेक्षकांनी रंगांचा आनंद घेतला, समीक्षकांनी रंगांचा अतिरेक मोजला, आणि त्या रंगांआड उभी असलेली जमुना दोघांच्याही नजरेतून निसटली. दृश्यवैभवाची समीक्षा तिच्यापासून सुरू झाली, तर शांतारामांच्या रंगपटांचे गुण आणि दोष दोन्ही अधिक नेमकेपणाने सांगता येतील.